दोन शब्दांमधली अतूट जागा

दिवाळीला तीन आठवडे राहिले होते. नाशिकमधल्या एका चिवड्याच्या दुकानाचं संकेतस्थळ नुकतंच सुरू झालं होतं आणि त्यावरचा सगळा मराठी मजकूर मी तपासून दिला होता. पदार्थांची नावं, वजनं, भाव, घटक, सगळं तीन वेळा वाचून. चौथ्या दिवशी दुकानाच्या मालकांचा फोन आला. म्हणाले, "ताई, आपला पोह्यांचा चिवडा सापडत नाहीये."

मी संकेतस्थळ उघडलं. वर शोधायची चौकट होती. तिच्यात 'चिवडा' लिहिलं, की पोह्यांचा चिवडा समोर यायचा. नुसतं 'पोह्यांचा' लिहिलं तरी यायचा. दोन्ही शब्द एकत्र लिहिले, की उत्तर येई, 'काहीही सापडले नाही'. त्याच्याच शेजारचा 'मक्याचा चिवडा' मात्र कसाही शोधा, हजर.

मी मुद्रितशोधक आहे. १९८९ साली रविवार कारंजाजवळच्या एका छापखान्यात कच्ची प्रुफं वाचायला बसले, तेव्हापासून हेच काम करते आहे. वेलांटी चुकली, अनुस्वार निसटला, काना शेजारच्या अक्षराला चिकटला, तर मला ते खड्यासारखं टोचतं. ते दोन शब्द मी अक्षर अक्षर सुटं करून वाचले. 'ह्या'वरचा अनुस्वार जागेवर. 'चि'ची वेलांटी ऱ्हस्व. चूक नव्हतीच. त्या संध्याकाळी मी खरोखर अस्वस्थ होते. चूक आहे हे कळत होतं आणि ती माझ्या डोळ्यांना दिसत नव्हती.

पुतणी संगणकाच्या क्षेत्रात आहे. तिला घरी बोलावलं. तिने ते नाव उचलून कुठल्याशा खिडकीत टाकलं आणि अक्षरांऐवजी आकड्यांची रांग समोर आली. एका आकड्यावर तिने बोट ठेवलं.

"आत्या, तुझी अक्षरं बरोबर आहेत. मधली जागा बघ."

"जागेत काय बघायचं?"

"ही ३२ नंबरची जागा नाही. ही १६० नंबरची आहे."

जागेलाही क्रमांक असतो

संगणक अक्षरं आकड्यांच्या रूपात साठवतो हे मला ऐकून माहीत होतं. जगातल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेत आपल्या 'र'चा क्रमांक २३५२ आहे. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेलाही तसाच क्रमांक असतो, ३२. स्पेसबार दाबला, की हा ३२ उमटतो. तिची एक हुबेहूब बहीण आहे, क्रमांक १६०. तिचं इंग्रजी नाव नॉन-ब्रेकिंग स्पेस. मी तिला 'अतूट जागा' म्हणते.

पडद्यावर दोघी सारख्याच दिसतात. फरक ओळीच्या शेवटी कळतो. साध्या जागेवर संगणक ओळ तोडू शकतो, पुढचा शब्द खाली नेऊ शकतो. अतूट जागेवर तोडू शकत नाही. तिच्या दोन्ही बाजूंचे शब्द एकाच ओळीत राहतात, नाहीतर दोघेही खाली उतरतात. दुकानाच्या जुन्या भावपत्रकातून नावं उचलून संकेतस्थळावर चिकटवताना एका नावाच्या मधोमध ही १६० क्रमांकाची जागा आत आली होती. त्या संकेतस्थळाची शोधचौकट साधी होती. गिऱ्हाइकाने लिहिलेली चिन्हं जशीच्या तशी, एकापुढे एक, कुठे जुळतात एवढंच ती पाहायची. गिऱ्हाईक ३२ लिहीत होतं आणि फडताळात १६० होता. जुळणार कसं?

पुतणी हे सांगत होती आणि मला छापखाना आठवत होता. मी कामाला लागले तेव्हा आमच्याकडे खिळ्यांची छपाई अजून चालू होती. जुळारी उभा राहून खणांतून खिळे उचलायचा आणि शब्द संपला, की एक बुटका खिळा लावायचा. त्यावर अक्षर नसे. उंचीला कमी, म्हणून त्याला शाई लागत नसे आणि कागदावर तिथे कोरी जागा राही. अशा जागा अनेक जाडीच्या असत, ओळ घट्ट बसवायला पातळ, परिच्छेद सुरू करायला जाड. म्हणजे तेव्हाची जागा हातात धरता येई, तिला वजन होतं. कधी फर्मा सैल बसला, तर हा बुटका खिळा वर सरके, शाई पकडे आणि दोन शब्दांच्या मधे काळा चौकोनी डाग उमटे. मी समासात खूण करून तो खाली दाबायला सांगत असे. त्या काळी जागेची चूक स्वतः पुढे येऊन दिसायची. आताची आड राहते, एवढाच फरक.

ढकलण्यासाठी आणि धरण्यासाठी

संकेतस्थळाचं पान ज्या खुणांच्या भाषेत लिहितात ती एचटीएमएल. तिचा एक नियम आहे. लिहिताना तुम्ही ओळीने दहा साध्या जागा सोडल्यात तरी दिसताना एकच दिसते, बाकीच्या ती मिटवून टाकते. अतूट जागा मात्र ती मिटवत नाही. दहा लिहा, दहा दिसतात. ही जागा लिहिण्याची तिची खूण आहे '&एनबीएसपी;', अर्थात रोमन लिपीत. आधी 'अँड'चं चिन्ह, मधे चार अक्षरं, शेवटी अर्धविराम.

एवढी सोय दिसल्यावर लोकांनी तिचा वापर सामान सरकवायला केला. १९९०च्या दशकात पानाची मांडणी करायची साधनं अपुरी होती. परिच्छेद आत घ्यायचा, तर पाच अतूट जागा. चित्राच्या बाजूला अंतर हवं, तर वीस. तक्त्यातलं घर रिकामं ठेवलं, तर त्या वेळचे काही ब्राउझर त्या घराच्या रेघाच काढत नसत. म्हणून प्रत्येक रिकाम्या घरात एक अतूट जागा बसवली जाई. आज ही कामं करायला सीएसएस ही मांडणीची वेगळी भाषा आहे. समास किती, आतलं अंतर किती, परिच्छेदाची पहिली ओळ किती आत, सगळं तिथे एकदा सांगून ठेवता येतं. तरी जुनी सवय टिकून आहे. शिवाय मजकूर लिहायच्या अनेक चौकटी आपणहून या जागा घालतात. तुम्ही स्पेसबार दोनदा दाबलात, तर दुसरी जागा मिटू नये म्हणून त्या दोघींपैकी एक अतूट करून ठेवतात. लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

तिचं खरं काम ढकलण्याचं नाही. तिचं काम धरून ठेवण्याचं आहे, आणि मराठीत त्या कामाला तोटा नाही. 'वि. वा. शिरवाडकर', म्हणजे आपले कुसुमाग्रज, हे नाव घ्या. ओळीच्या शेवटी 'वि.' राहिला आणि 'वा. शिरवाडकर' खाली गेलं, तर नाव वाचताना ठेच लागते. '२५० ग्रॅम' मधले २५० वर आणि ग्रॅम खाली, '₹ ३२०' मधलं रुपयाचं चिन्ह एकीकडे आणि रक्कम दुसरीकडे, 'इ. स. १८४०' मधला 'इ.' एकटा पडलेला. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या स्थापनेचं ते साल आहे, ते असं तुटून छापलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. खिळ्यांच्या काळात जुळारी मागच्या-पुढच्या जागा कमी-जास्त करून असं नाव एका ओळीत बसवून द्यायचा. पडद्यावर ते शक्य नाही, कारण वाचणाऱ्याच्या हातात फोन आहे की समोर मोठा पडदा, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. ओळ कुठे तुटेल ते प्रत्येक वाचकागणिक बदलतं. अशा वेळी 'वि.' आणि 'वा.'च्या मधे एक अतूट जागा घातली, की ती कुठल्याही पडद्यावर हात सोडत नाही.

आणखी एक उपयोग आपल्या लिपीचा खास आहे. बाराखडी शिकवताना नुसती वेलांटी किंवा नुसता उकार दाखवायचा असतो. अक्षराशिवाय मात्रा लिहिली, की संगणक तिच्यापाशी ठिपक्यांचं वर्तुळ काढतो, जणू इथे अक्षर राहिलं असं सांगतो. युनिकोडच्या नियमात यावर उपाय दिला आहे, आधी अतूट जागा घाला आणि तिच्यावर मात्रा चढवा. मात्रेला बसायला ही जागा पाट देते.

शोधयंत्र काय करतं

संकेतस्थळं असलेले दुकानदार मला आता एक प्रश्न हमखास विचारतात. अशा जागा पानावर असल्या, तर गूगल आपल्याला खाली ढकलतं का? काहींना उलट वाटतं, की 'नाशिकचा चिवडा' हे शब्द अतूट जागेने चिकटवले, तर गूगल तो एकच शब्दप्रयोग धरील आणि वर आणील.

दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. शोधयंत्र पान वाचतं तेव्हा आधी खुणा बाजूला काढून मजकूर वेगळा करतं, मग त्याचे शब्द पाडतं आणि प्रत्येक शब्द कुठल्या पानावर आहे त्याची सूची करतं. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच सूची, फक्त अब्जावधी पानांची. शब्द पाडण्याआधी मजकूर एकसारखा करून घ्यायची पद्धत आहे. युनिकोडने त्यासाठी तक्ते दिले आहेत. अर्थाने एकच पण क्रमांकाने वेगळी असलेली चिन्हं तुलनेपूर्वी एका रूपात आणायची. त्या तक्त्यात १६० समोर ३२ लिहिलेला आहे. गूगलसारखी मोठी शोधयंत्रं अतूट जागेला साध्या जागेसारखंच वाचतात. तिच्यासाठी बक्षीस नाही, शिक्षाही नाही. गूगलने संकेतस्थळवाल्यांना ज्या गोष्टींची मनाई केली आहे त्यांत वाचकापासून लपवलेला मजकूर आणि एकाच शब्दाची भरमसाठ पेरणी येते.

मग पोह्यांचा चिवडा हरवला कसा? कारण तो गूगलवर हरवला नव्हता. दुकानाच्या स्वतःच्या शोधचौकटीत हरवला होता, आणि खरी अडचण बहुतेक वेळा तिथेच होते. लुसीन नावाचा एक मोफत शोधसंच आहे. डग कटिंग यांनी तो लिहिला आणि जगासाठी खुला केला. सोलर आणि इलॅस्टिकसर्च ही त्याच्यावर उभी राहिलेली साधनं असंख्य संकेतस्थळांच्या पोटात काम करतात. लुसीनमध्ये शब्द पाडायच्या अनेक रीती आहेत. नेहमीची रीत युनिकोडच्या नियमाने चालते आणि अतूट जागेवरही शब्द तोडते. दुसरी एक साधी रीत 'मोकळी जागा दिसली, की तोड' एवढंच जाणते, आणि मोकळी जागा कशाला म्हणायचं ते जावा या संगणकीय भाषेला विचारते. जावाच्या व्याख्येत अतूट जागा मोकळ्या जागांतून मुद्दाम वगळली आहे. ही रीत निवडली असेल, तर 'पोह्यांचा' आणि 'चिवडा' मिळून एकच लांबलचक शब्द सूचीत जातो. मग नुसतं 'चिवडा' शोधूनही तो मिळत नाही. ग्रंथालयात पूर्वी कार्डांचे खण असत. पुस्तक कपाटात असूनही कार्ड भलत्या खणात गेलं, की ते पुस्तक वाचकापुरतं नाहीसं व्हायचं. तसंच हे.

एक्सेलमध्ये हिशेब ठेवणाऱ्यांनाही ही जागा भेटते. शब्दामागच्या फाजील जागा काढायचं तिथलं 'ट्रिम' हे सूत्र ३२ काढतं, १६० काढत नाही. संकेतस्थळावरून उचललेली मालाची यादी आपल्या यादीशी जुळत नाही आणि माणूस तासन् तास दोन सारखी दिसणारी नावं न्याहाळत बसतो. तिथे 'सब्स्टिट्यूट' सूत्राने १६० च्या जागी साधी जागा घालावी लागते.

गूगलच्या बाबतीत अतूट जागेचा त्रास वळसा घेऊन येतो. मध्यंतरी एका संस्थेच्या स्मरणिकेचा मजकूर माझ्याकडे आला. संगणकावर छान दिसत होता. फोनवर उघडला तर ओळी पडद्याबाहेर गेलेल्या, बोटाने पान डावी-उजवीकडे सरकवत वाचावं लागत होतं. परिच्छेदातली प्रत्येक जागा १६० क्रमांकाची होती, ओळीला तुटायला कुठे वावच नव्हता. असं पान बघून वाचक परत फिरतो. गूगलने एप्रिल २०१५ पासून फोनवरच्या शोधात पान फोनला सोयीचं आहे का हे जमेस धरलं आणि पुढे तर सूचीसाठी पानाचं फोनवरचं रूपच मुख्य मानलं. जागेबद्दल यंत्र काही बोलत नाही, पण वाचकाची गैरसोय त्याच्या हिशेबात येते. मला विचाराल, तर यंत्राच्या आधी त्या वाचकाचाच विचार करावा.

आपल्या लिपीतली न दिसणारी माणसं

हे सगळं शिकताना मला एक गोष्ट फार लागली. मराठीत अशी न दिसणारी चिन्हं आणखी आहेत, आणि त्यांच्यामुळे आपले शब्द रोज हरवतात.

'शेतकऱ्यांना' हा शब्द बघा. लासलगावच्या कांद्याची बातमी या शब्दावाचून लिहिता येत नाही. यातला 'ऱ्या' संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत नुक्त्याचा 'ऱ' असतो, क्रमांक २३५३, मग हलन्त, मग 'य'. दुसऱ्या रीतीत साधा 'र', हलन्त आणि मग ८२०५ क्रमांकाचं एक चिन्ह असतं. त्याला रुंदीच नाही. त्याचं काम फक्त जोडण्याचं, म्हणून त्याला झीरो-विड्थ जॉइनर म्हणतात. दोन्ही रीतींनी लिहिलेला शब्द छापून शेजारी ठेवला, तर मलाच काय, कुणालाही फरक ओळखता येणार नाही. मोठी शोधयंत्रं सावरून घेण्याचा प्रयत्न करतात. साध्या शोधचौकटी घेत नाहीत. एका कीबोर्डवर लिहिलेली शेतकऱ्यांची बातमी दुसऱ्या कीबोर्डवर शोधणाऱ्याला मिळत नाही.

ज्यांनी जुन्या फाँटचा काळ पाहिला त्यांना हे दुःख कळेल. छापखान्यात संगणक आले तेव्हा आमची मराठी प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या क्रमांकांत साठवली जाई, वर फक्त मराठी मुखवटा. फाँट बदलला, की 'नाशिक'च्या जागी अगम्य चिन्हं. असा मजकूर संकेतस्थळावर चढवला, तर शोधयंत्राला तो मराठी म्हणून कळतच नसे. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आली, सोबत र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा फाँट आला, आणि हळूहळू मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक वापरता येऊ लागले. इतक्या खटपटीने आपली भाषा शोधात सापडू लागली आहे. तिचे शब्द एका जागेपायी पुन्हा हरवावेत हे मला सहन होत नाही.

आता मी काय करते

उपाय सोपे आहेत आणि ते कुणालाही जमतील.

वर्डमध्ये '¶' या चिन्हाचं बटण आहे. ते दाबलं, की साध्या जागेच्या ठिकाणी मधोमध बारीक टिंब दिसतं आणि अतूट जागेच्या ठिकाणी अंशाच्या खुणेसारखं इवलंसं वर्तुळ. मी आता संकेतस्थळासाठी आलेली कुठलीही फाइल हे बटण दाबल्याशिवाय वाचत नाही. ती वर्तुळं पहिल्यांदा दिसली तेव्हा मला छापखान्यातला वर आलेला बुटका खिळा आठवला. चूक पुन्हा डोळ्यांना दिसू लागली होती.

दुसऱ्या ठिकाणचा मजकूर संकेतस्थळावर नेताना साधा मजकूर म्हणून चिकटवावा आणि जागा आधी तपासाव्यात, कारण रंग-आकार गळून पडले तरी अतूट जागा तशाच सोबत येतात. अंतर हवं असेल, तर ते सीएसएसमध्ये सांगावं, जागांची रांग लावू नये. शोधचौकट बनवणाऱ्याला विचारावं, की तुलनेआधी १६० चा ३२ होतो का, आणि दोन्ही रीतींचा 'ऱ्या' एक धरला जातो का. आणि जिथे नाव, रक्कम किंवा तारीख जोडून ठेवायची आहे, तिथे ती जागा जरूर वापरावी. वर्डमध्ये कंट्रोल आणि शिफ्ट दाबून स्पेसबार दाबला, की ती उमटते. मॅकवर ऑप्शन आणि स्पेसबार.

चिवड्याच्या दुकानाची यादी पुतणीने आणि मी एका बैठकीत साफ केली. नावांमधल्या सगळ्या जागा साध्या केल्या आणि वजनांमधल्या, आकडा आणि 'ग्रॅम' यांच्या मधल्या, अतूट ठेवल्या. मग मी शोधचौकटीत 'पोह्यांचा चिवडा' लिहिलं. तो आला. खाली '२५० ग्रॅम' एका ओळीत.

माझ्या प्रुफांच्या समासात आता एक नवी खूण असते. जागा घालायला मी पूर्वीपासून # लिहिते. अतूट जागा हवी असेल, तर त्याच # भोवती वर्तुळ काढते. शिरवाडकरांच्या जयंतीच्या, म्हणजे २७ फेब्रुवारीच्या, कार्यक्रमाचं पान यंदा तपासायला आलं, तेव्हा फोनच्या पडद्यावर 'वि.' एका ओळीत आणि 'वा. शिरवाडकर' पुढच्या ओळीत पडलं होतं. मी समासात दोनदा # लिहिलं, दोन्हींना वर्तुळ केलं. दुरुस्त झालेलं पान बघितलं तेव्हा कुसुमाग्रजांचं नाव त्यांच्या गावात एका ओळीत उभं होतं.